नवऱ्याचं घर सुटल्यावर: कोणत्या कार्यालयात आधी जायचं, कोणत्या नंतर

तहसील कार्यालयात मी पहिल्यांदा गेले तेव्हा खिडकीतल्या बाईंनी रेशनकार्ड मागितलं. रेशनकार्ड सासरी. मग त्याच इमारतीतल्या पुरवठा शाखेत गेले, तर तिथे म्हणाले, आधी तिकडच्या कार्डातून नाव कमी करून आणा. नाव कमी करायला कुटुंबप्रमुखाची सही. कुटुंबप्रमुख म्हणजे ज्याच्या घरातून मी रात्री साडेदहाला दोन मुलं घेऊन बाहेर पडले होते, तोच. अडीच महिने मी त्या एका इमारतीत खालून वर आणि वरून खाली करत होते.

योजना नव्हत्या असं नाही. भिंतीवर फलकच्या फलक होते. पण प्रत्येक खिडकी आदल्या खिडकीचा कागद मागते आणि पहिली खिडकी कोणती हे कुणी सांगत नाही.

आता आमच्या बचत गटातल्या कुणाच्या बहिणीवर, भाचीवर अशी वेळ आली की मला फोन येतो. दरवेळी तेच तेच सांगते, म्हणून एकदा लिहून काढलं. हे महाराष्ट्रातल्या कार्यालयांपुरतं आहे. मारहाणीमुळे बाहेर पडलेली, नवऱ्याने टाकलेली आणि नवरा वारलेली, तिघींनाही यातलं बरंचसं लागू पडतं. जिथे वाट वेगळी होते तिथे तसं सांगितलंय.

1. आधी जीव, मग कागद

अंगावर येत असेल तर 112. कोणत्याही फोनवरून लागतो. बोलायला, विचारायला, जवळचं केंद्र कुठे आहे हे कळायला महिला हेल्पलाईन 181, दिवसरात्र चालू. मुलांच्या बाबतीत काही असेल तर 1098. हे तीन नंबर फोनमध्ये सेव्ह करू नका, पाठ करा. भांडणात पहिला हात फोनवरच पडतो.

रात्रीची जागा हवी असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं. ही केंद्रं 2015 पासून सुरू झाली. डॉक्टर, पोलीस, समुपदेशन, वकिलाचा सल्ला आणि पाच दिवसांपर्यंत राहायची सोय, सगळं एका छताखाली मिळावं हा त्यामागचा हेतू. सोबत मुलगी असेल तर वयाचा प्रश्न येत नाही. मुलगा मोठा असेल तर मात्र त्याला सोबत ठेवता येईल का, हे फोनवरच विचारून घ्या. तिथे पोहोचून रात्री अकरा वाजता हा प्रश्न निघाला की फार वाईट वाटतं. पाच दिवसांनंतरही जायला जागा नसेल तर शक्ती सदन आहे. पूर्वी त्याला स्वाधार गृह म्हणत, जुने लोक अजूनही तेच नाव घेतात.

बाहेर पडायला तासभर हाताशी असेल तर स्वतःचं आणि मुलांचं आधार, मुलांचे जन्मदाखले, पासबुक आणि रोजच्या गोळ्या घ्या. रेशनकार्डाचा फोटो काढा. लग्नपत्रिका किंवा लग्नातला एखादा फोटो घ्या. लग्नाची नोंदणी केलेली नसेल तर पुढे हाच पुरावा ठरतो. आणि वेळ नसेल तर काहीही घेऊ नका. कागदासाठी त्या घरात एकटीने परत जायचं नाही. कागदपत्रं आणि स्त्रीधन परत द्या, असा आदेश न्यायालय देऊ शकतं, आणि त्याच्या अंमलबजावणीला पोलीसही देता येतात.

2. एक फाईल घ्या

हे दुसऱ्याच दिवशी करायचं. बटणाची प्लास्टिकची फाईल घ्या, पिशवीत मावेल अशी. माझी निळी होती, अजून आहे. तिच्यात हे लागेल:

– आधार (तुमचं, मुलांचं), प्रत्येकी पाच झेरॉक्स
– पासपोर्ट आकाराचे डझनभर फोटो
– मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचं बोनाफाईड
– लग्नाचा पुरावा. नवरा वारला असेल तर मृत्यूदाखल्याच्या निदान आठ प्रती
– शाळा सोडल्याचा तुमचा स्वतःचा दाखला (जन्मतारखेसाठी हाच मागतात, माहेरच्या शाळेतून दुसरी प्रत मिळते)
– रेशनकार्डाची प्रत, मिळाली तर
– एक वही आणि दोन पेनं

वहीत तारीख, कार्यालय, कोण भेटलं, काय म्हणालं, परत कधी बोलावलं, एवढंच लिहायचं. मूळ कागद कुणाच्याही हातात सोडायचा नाही. दाखवायचा आणि परत घ्यायचा. "साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा" असं म्हटलं तरी नाही.

3. झालं ते नोंदवून घ्या

नवरा वारलेल्या बायकांनी ही पायरी सोडली तरी चालेल, पण सासरचे घराबाहेर काढत असतील तर वाचा.

पुढे जिथे जाल तिथे "तुम्ही वेगळ्या राहता याला पुरावा काय?" हा प्रश्न येणार आहे. त्याचं उत्तर इथे तयार होतं. मला हे सगळ्यात उशिरा कळलं.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा 2005 चा, तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्यात संरक्षण अधिकारी हे पद आहे. आपल्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी कुठे बसतात ते 181 वर किंवा जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात कळतं. ते तुमच्याकडून घरगुती घटनेचा अहवाल भरून घेतात. सगळे त्याला डीआयआर म्हणतात, तुम्हीही तोच शब्द वापरा. याला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही, आणि त्याची एक प्रत तुम्हाला मिळते.

या कायद्यात हिंसा म्हणजे फक्त मारहाण नव्हे. घरखर्चाला पैसे न देणं, पगार काढून घेणं, दागिने विकणं, लोकांसमोर घाण शिव्या देणं, घरातून हाकलणं, हे सगळं त्यात येतं. "हात तर उचलला नाही ना?" असं कुणी विचारलं तर गप्प बसू नका.

अहवाल भरताना सगळ्यात जड जातात त्या तारखा. मला एकही आठवेना. मग तिथल्या मॅडमनी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढलं आणि म्हणाल्या, सण सांगा. पोळ्याच्या आदल्या दिवशी. धाकट्याला गोवर आला त्या आठवड्यात. नणंदेच्या साखरपुड्याहून आल्यावर. एकेक करत सात तारखा निघाल्या. जायच्या आधी घरीच असं बसून लिहून काढा, तिथे रडू आवरण्यात वेळ जातो.

आता पोलीस ठाणं. इथे बायका हमखास फसतात. तक्रार द्यायला गेलात की पुष्कळदा एनसी नोंदवून त्याचा कागद हातात देतात. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. तिच्यावरून पोलीस आपणहून तपास करत नाहीत. बाई मात्र "केस केली" असं समजून घरी येते. नवऱ्याने आणि सासरच्यांनी केलेला छळ भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 मध्ये येतो. जुनं 498अ म्हणतात ते हेच, 1 जुलै 2024 पासून त्याचा नंबर बदलला. तो गुन्हा दाखल झाला तर एफआयआर होतो आणि त्याची प्रत फिर्यादीला मोफत द्यावी लागते. म्हणून कागद हातात आला की एकच विचारा: ही एनसी आहे की एफआयआर? एनसी निरुपयोगी नाही, तारखेचा पुरावा म्हणून फाईलमध्ये ठेवा. फक्त ती काय आहे ते ओळखा.

अंगावर मार असेल तर आधी सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना खरं सांगा. "जिन्यावरून पडले" असं केसपेपरवर एकदा लिहिलं गेलं की ते पुसता येत नाही. माझ्या पहिल्या केसपेपरवर तसंच लिहिलेलं आहे, मीच सांगितलं होतं. मुंबईत महापालिकेच्या काही रुग्णालयांत दिलासा केंद्रं आहेत. त्यांची सुरुवात 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातून झाली. तिथे अशा जखमा ओळखून बाईशी बाजूला बसून बोलणारी माणसं असतात. काही पोलीस ठाण्यांत महिला व मुलांसाठी विशेष सहाय्य कक्ष आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सोबतीने 1984 मध्ये हे काम सुरू केलं. असा कक्ष जवळ असेल तर थेट तिथेच जा, बाकड्यावर बसायला लागत नाही.

समुपदेशनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नांदायचं असेल तर जरूर जा. नांदायचं नसेल तर पहिल्याच भेटीत तसं सांगा आणि ते लिहून घ्यायला लावा. एका ठिकाणी मला तडजोडीचा कागद वाचून न दाखवताच सहीला पुढे केला. त्यात "माझी कोणतीही तक्रार नाही" हे वाक्य होतं. सही करायच्या आधी शेवटची ओळ वाचायची सवय तिथे लागली.

4. वकिलाला पैसे देऊ नका

म्हणजे मोफत वकील मिळत असताना देऊ नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. उत्पन्नाची अट स्त्रियांना नाही. त्यामुळे "तुमचा भाऊ नोकरीला आहे, तुम्हाला मिळणार नाही" हे खोटं आहे. तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते आणि जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. साधा अर्ज, आधार, डीआयआरची प्रत, झालं. त्यांची हेल्पलाईन 15100.

मिळालेला वकील फोन उचलत नसेल तर तिथेच लेखी अर्ज देऊन बदलून मागता येतो. मी एकदा बदलला. दुसऱ्या वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या अर्जात सहा ठिकाणी खुणा केल्या.

न्यायालयात काय मागायचं ते वकील ठरवतील, पण तुम्हाला ढोबळ माहिती हवी. 2005 च्या कायद्याखाली एकाच अर्जात संरक्षण, राहायचा हक्क, खर्चाचे पैसे, मुलांचा ताबा आणि नुकसानभरपाई मागता येते. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत लावायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून अर्जासोबतच अंतरिम आदेश, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश, मागा, विसरू नका. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पोटगीचा वेगळा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली होतो, पूर्वीचं 125. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. त्यामुळे "बघू, दिवाळीनंतर करू" यात तुमचेच महिने बुडतात. दोन्ही अर्ज तुम्ही सध्या राहता तिथल्या न्यायालयात करता येतात, सासरच्या गावी हेलपाटे नकोत. आणि महाराष्ट्रात पोटगी, हिंसाचार, घटस्फोट अशा प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. कुणी फीच्या नावाने पैसे मागितले तर पावती मागा, विषय तिथेच संपतो.

अर्ज दाखल झाला की केस नंबर मिळतो. तो फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. इथून पुढे प्रत्येक खिडकीवर तो लागणार आहे.

5. पत्ता, बँक, रेशन: याच क्रमाने

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि नेमकी इथेच सगळं अडतं.

आधी मोबाईल. तुमच्या आधारला आणि बँकेला कुणाचा नंबर जोडलाय ते बघा. बऱ्याच जणींचा नवऱ्याचा असतो. म्हणजे ओटीपी त्याला जातो आणि तुम्ही कुठे काय अर्ज केला ते त्याला घरबसल्या कळतं. आधार केंद्रात स्वतः जाऊन अंगठा देऊन नंबर बदलता येतो, जुना फोन हातात असावा लागत नाही.

मग आधारवरचा पत्ता. नव्या पत्त्याचा एकही कागद नसेल तर आधारचा ठरलेला प्रमाणपत्राचा नमुना मिळतो. त्यावर सरपंच, नगरसेवक किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का चालतो. तुम्ही निवारागृहात असाल तर तिथल्या अधीक्षकांचंही प्रमाणपत्र चालतं. इथे एक मनापासून सांगते: पत्ता बदला, नाव बदलू नका. रागाच्या भरात माहेरचं आडनाव लावून घेतलेल्या दोघी मला माहीत आहेत. आधारवर एक नाव, मुलांच्या दाखल्यावर दुसरं आणि केसमध्ये तिसरं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे हे सिद्ध करण्यात वर्ष गेलं. नाव काय ते सगळं मिटल्यावर निवांत बदला.

मग बँक. नवऱ्यासोबत जोडखातं असेल तर ते तसंच राहू द्या, स्वतःच्या एकटीच्या नावाने नवं उघडा. जनधन खात्यात शिल्लक ठेवायची सक्ती नसते. खातं उघडलं की बँकेत दोन वेगळ्या गोष्टी मागा: खात्याला आधार जोडणं आणि सरकारी अनुदानासाठी आधार सीडिंग. दुसरी गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. योजनेचे पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही, सीडिंग ज्या खात्याला आहे तिथे जातात. आमच्या गटातल्या एकीचे चार महिन्यांचे पैसे जुन्या जोडखात्यात जमा होत होते आणि कोण काढत होतं हे वेगळं सांगायला नको.

शेवटी रेशनकार्ड. सुरुवातीला सांगितलेली गाठ इथली. ती अशी सुटली: "नवऱ्याची सही मिळणं शक्य नाही, न्यायालयात प्रकरण चालू आहे, मी मुलांसह वेगळी राहते, माझी चौकशी करून नाव कमी करावं व स्वतंत्र शिधापत्रिका द्यावी" असा लेखी अर्ज दिला. सोबत डीआयआर, केस नंबर आणि स्वयंघोषणापत्र जोडलं. मग पुरवठा निरीक्षक घरी आले, शेजारच्या आजींना विचारलं, आणि काम पुढे सरकलं. तोंडी विचारलं तेव्हा उत्तर "होत नाही" असं होतं. तेच लेखी दिल्यावर झालं.

कार्ड अंत्योदयचं असेल तर कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य आणि प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी 5 किलो, 2023 पासून मोफत. नवं कार्ड हातात येईपर्यंत घरात दाणा नसेल तर अंगणवाडी विसरू नका. सहा वर्षांखालच्या मुलाला आणि गरोदर-स्तनदा आईला तिथला आहार मिळतो.

6. मुलांची शाळा थांबवू नका

जुन्या शाळेचा दाखला सासरी किंवा शाळेतच अडकलेला असतो आणि नवी शाळा म्हणते, तो आणा मग बघू. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 सांगतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही, ते कलम 14. मुख्याध्यापकांशी वाद घालायची गरज मला पडली नाही. कलमाचा नंबर शांतपणे सांगितला, त्यांनी मुलाला वर्गात बसवलं आणि दाखला पत्राने मागवून घेतला.

शाळेत जाऊन आणखी एक करा. वर्गशिक्षकांना सांगून ठेवा की मुलाला न्यायला कोण येईल आणि कोण आलं तर तुम्हाला आधी फोन करायचा.

7. महिन्याला हातात पैसे

आता तहसीलला जायची वेळ आली. फाईलमध्ये केस नंबर, पत्ता, खातं, रेशनकार्ड असताना तीच खिडकी वेगळी वागते.

संजय गांधी निराधार अनुदान योजना. विधवा, परित्यक्ता (नवऱ्याने टाकलेल्या), घटस्फोटित आणि घटस्फोटाच्या प्रक्रियेतल्या पण पोटगी न मिळणाऱ्या स्त्रिया यात बसतात. महिन्याला 1,500 रुपये. वय 18 ते 65, महाराष्ट्रात किमान 15 वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत. 21 हजार म्हणजे महिन्याला साडेसतराशे. तेवढ्यात घर चालवणारी बाई मी अजून पाहिलेली नाही, पण अट ती आहे. उत्पन्नाचा दाखला काढताना वडिलांचं, भावाचं उत्पन्न तुमच्यात धरलं जाऊ नये यासाठीच आधी स्वतंत्र रेशनकार्ड करून घ्यायचं. तलाठ्यांची चौकशी होते, मग अर्ज समितीच्या बैठकीत जातो. बैठक कधी आहे ते विचारत राहा, एक बैठक चुकली की पुढचीची वाट बघावी लागते.

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. ही तहसीलमध्ये नाही, जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात आहे, त्यामुळे पुष्कळ जणींना माहीतच नसते. आई किंवा वडील वारलेले, घटस्फोट झालेला, एकट्या पालकावर भार पडलेला, अशा घरातल्या 18 वर्षांखालच्या मुलाला महिन्याला 2,250 रुपये मिळतात. बाल कल्याण समितीसमोर मुलाला घेऊन जावं लागतं. माझ्या थोरल्याला तिथे "मोठेपणी कोण होणार?" असं विचारलं, तो म्हणाला, एसटीचा कंडक्टर. समितीतले सगळे हसले. आम्ही जाताना उगाच घाबरलो होतो.

लाडकी बहीण योजना 2024 पासून आहे, तीही 1,500 ची. पण दुसऱ्या सरकारी योजनेतून 1,500 किंवा जास्त मिळत असतील तर ती लागू होत नाही. संजय गांधी चालू असताना एजंटच्या सांगण्यावरून दोन्ही अर्ज भरू नका, छाननीत निघतं आणि मग दोन्हींकडे खुलासे देत बसावं लागतं.

नवरा वारला असेल तर आणखी काही दारं आहेत आणि ती लवकर ठोठवायची असतात. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला 18 ते 59 वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी 20 हजार मिळतात, अर्ज तहसीललाच. आणि त्यांचं पासबुक छापून आणा. मे-जूनच्या आसपास 436 किंवा 20 रुपये कापलेले दिसतात का ते बोट ठेवून बघा. 436 म्हणजे जीवनज्योती विमा, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी 2 लाख. 20 म्हणजे सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला 2 लाख. माणसाने कधीतरी बँकेत सही केलेली असते आणि घरात कुणाला ठाऊक नसतं. दावा त्याच शाखेत करायचा. शेतकरी कुटुंबात अपघाती मृत्यू झाला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेसाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जा, तेरावं व्हायची वाट बघू नका, तिथे दिवस मोजले जातात. बांधकामावर काम करत असतील आणि कामगार मंडळाची नोंदणी चालू असेल तर तिकडेही विचारा.

8. दवाखाना आणि काम

मोठं दुखणं निघालं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, ठरलेल्या रुग्णालयांत. तिथे आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. भरती व्हायच्या आधी त्याला गाठा, अनामत भरल्यानंतर नको.

कामाचं मी फार सांगणार नाही, ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर आहे. बचत गटात मात्र जा. ग्रामीण भागात उमेद, म्हणजे राज्य सरकारचं बचत गटांचं अभियान, शिवाय 1975 साली स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, यांचे गट जवळपास सगळीकडे आहेत. कर्ज मिळतं हा भाग वेगळा. मला मिळाला तो दर शनिवारी दहा जणींत बसायचा तास, आणि "अमक्या टेबलावर जाऊ नकोस, तमक्यावर जा" ही माहिती.

9. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करा. एक त्यांना, दुसरीवर आवक नंबर, तारीख, शिक्का. "पोच कशाला, आमच्यावर विश्वास नाही का?" असं म्हणतात. हसून म्हणायचं, "विश्वास आहे हो साहेब, वकीलबाई मागतात." हे वाक्य मी एका म्हाताऱ्या मावशींकडून शिकले, अजून फुकट गेलेलं नाही. अगदीच घेत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती फाईलमध्ये.

पोच असेल तर पुढचं चालतं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे दाखल्यांना मुदती ठरलेल्या आहेत, त्या कार्यालयाच्या फलकावर लिहिलेल्या असतात. मुदत उलटली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं आणि कसूर करणाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. मी अपील एकदाच टाईप केलं. दाखवायला घेऊन गेले, तर त्याच संध्याकाळी दाखला मिळाला.

दारातल्या एजंटांबद्दल एवढंच. उत्पन्न, रहिवास, जात अशा दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी 500 चा स्टॅम्प घ्यायला लावतात. सेतू केंद्राची फी भिंतीवर लिहिलेली असते, तेवढीच द्यायची. आणि "साहेबांशी बोलून करून देतो" म्हणणारा माणूस साहेबांशी बोलत नाही, तो तुमच्याच अर्जाची वाट बघत बाहेर चहा पितो.

पैसे सुरू झाल्यावरही फाईल माळ्यावर टाकू नका. संजय गांधीसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की अनुदान थांबतं. बालसंगोपनला मुलाचं शाळेचं बोनाफाईड नव्याने मागतात. मी दोन्ही गोष्टी नव्या वर्षाचं कालनिर्णय घरी आलं की त्याच दिवशी लाल पेनाने मांडून ठेवते.